कल्याणचा इराणी बिशप आणि 'देवाची आई' या शब्दावरून पेटलेलं भांडण

खाडीकाठचा

रोज सकाळी ७:४२ ची फास्ट पकडणाऱ्या माणसाला कल्याणचं फारसं कौतुक उरत नाही. खाडी, दुर्गाडी, सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आणि पत्रीपुलावरचा ट्रॅफिक, एवढ्यात आमचं गाव आटोपतं. सहाव्या शतकात इथे ख्रिस्ती बिशप होता आणि तो इराणातून नेमून यायचा, हे वाचलं तेव्हा म्हणूनच आधी थाप वाटली.

लिहिणारा कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. व्यापार सोडल्यावर, इ.स. ५५० च्या सुमारास, पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे हे सिद्ध करायला त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भूगोलाचा असा आनंद, पण बंदरांच्या बाबतीत माणूस चोख. मिरी पिकते त्या 'मले' देशात चर्च आहे आणि 'कल्लियाना' इथे बिशप आहे, त्याची नेमणूक पर्शियातून होते, असं तो सांगतो. कल्लियानाहून तांबं, शिसवी ओंडके आणि कापड बाहेर जातं, असंही. माल ओळखीचा वाटतो ना?

आता प्रश्न असा, की बिशप पर्शियाचा का? रोमचा किंवा पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीचा, कॉन्स्टँटिनोपलचा, का नाही? याचा शोध घेत गेलो आणि एका शब्दापाशी येऊन अडकलो.

'थिओटोकॉस'. ग्रीक शब्द. देवाला जन्म देणारी, म्हणजे मरिया. इ.स. ४२८ मध्ये नेस्टोरियस नावाचा, सिरियाकडचा, वक्तृत्वासाठी गाजलेला मठवासी कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख, झाला. त्याच्या सोबत आलेल्या अनास्तासियस नावाच्या धर्मगुरूने प्रवचनात सांगितलं की मरियेला थिओटोकॉस म्हणू नका, ती माणूस होती आणि माणसाच्या पोटी देव जन्मत नाही. शहरात गहजब झाला. नेस्टोरियसने आपल्या माणसाला आवरायचं सोडून त्याचीच बाजू घेतली आणि तडजोड म्हणून 'ख्रिस्तोटोकॉस', ख्रिस्ताला जन्म देणारी, हा शब्द सुचवला. तडजोड कुणालाच नको होती.

त्याचं म्हणणं मला जसं कळलं तसं मांडतो. देव बदलत नाही, थकत नाही, मरत नाही. येशू मात्र भुकेला झाला, होडीत उशीवर डोकं टेकून झोपला, मित्र लाजरसच्या थडग्यापाशी रडला, क्रूसावर मेला. मग हे सगळं कुणाचं झालं? नेस्टोरियसचं उत्तर : मानवी स्वभावाचं. दैवी स्वभाव त्या माणसात देवळात देव असावा तसा होता. दोन्ही मिळून एकच ख्रिस्त आणि पूजाही एकच, पण स्वभावांची सरमिसळ करायची नाही.

अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क सिरिल म्हणाला, असं केलंत तर तुम्ही ख्रिस्ताचे दोन तुकडे करता. होडीत झोपला त्यानेच उठून वादळाला दटावलं. रडला तो आणि मेलेल्या लाजरसला ज्याने उठवलं तो, एकच कर्ता. क्रूसावर जो मेला तो नुसता देवाचा शेजारी असेल तर त्या मरणाने माणसाचं तारण कसं होणार? म्हणून जन्मलेलं बाळ देवच, आणि आई देवाची आई.

ख्रिस्त देव आहे की नाही हा इथे वादच नव्हता. तो १०० वर्षं आधी, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा नाही म्हणणाऱ्या एरियसशी झाला होता आणि ३२५ च्या निकेयाच्या परिषदेत त्याचा निकालही लागला होता. देव आणि माणूस दोन्ही, हे दोघांनाही मान्य. दोन्ही *कसे*, यावरून जुंपली.

मी ख्रिस्ती नाही, ईश्वरशास्त्राचा अभ्यासकही नाही. चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा.

निशिगंधा

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. नेस्टोरियसचं पुढे काय झालं ते लिहा ना.

तर्ककर्कश

टाचणीच्या टोकावर किती देवदूत नाचतात, त्यातलाच प्रकार. एका शब्दावरून माणसं देशोधडीला लावायची, मग ते इकडचे असोत की तिकडचे. बाकी चालू द्या.

खाडीकाठचा

@तर्ककर्कश, नुसता शब्द म्हणून सोडून देता येत नाही. राजधानीचं धर्मपीठ मोठं की अलेक्झांड्रियाचं, ही जुनी खुन्नस मागे होतीच. आधी ४०३ मध्ये सिरिलच्या मामा/काका थिओफिलसने (अंकल म्हटलं की आपली पंचाईत!) कॉन्स्टँटिनोपलच्या जॉन क्रिसोस्टमला असंच पदावरून घालवलं होतं.

@निशिगंधा, पुढचं लिहितो. जरा लांबेल.

नेस्टोरियस बिचारा होता असं समजू नका. पदावर आल्यावर पहिल्याच प्रवचनात तो सम्राट दुसऱ्या थिओडोसियसला म्हणाला, पाखंड्यांपासून मोकळी केलेली पृथ्वी मला दे, मी तुला स्वर्ग देतो. पाचव्या दिवशी त्याने एरियनपंथीयांचं प्रार्थनास्थळ पाडायला घेतलं. ते त्यांनी स्वतःच पेटवून दिलं, आग आसपासच्या इमारतींना लागली आणि लोकांनी या नव्या पॅट्रिआर्कचं नाव 'आगलाव्या' ठेवलं. दुसऱ्यांना पाखंडी ठरवत आलेला माणूस तीन वर्षांत स्वतःच पाखंडी ठरला. त्याच काळात राजधानीत राहणारा इतिहासकार सॉक्रेटिस (तो विषाच्या पेल्याचा नव्हे) म्हणतो, नेस्टोरियसचं लिखाण मी वाचलंय, तो ख्रिस्ताला नुसता माणूस मानत नव्हता, पण या एका शब्दाला बागुलबुवासारखा घाबरत होता. समकालीनांमध्ये इतकं समतोल मत दुसरं सापडत नाही.

परिषद भरली इफिससला (आजच्या तुर्कस्तानात), ४३१ च्या जूनमध्ये, तीही मरियेच्या नावाच्या चर्चमध्ये. अँटिओकचा पॅट्रिआर्क जॉन आणि त्याच्यासोबतचे सिरियाचे बिशप, म्हणजे नेस्टोरियसची मदार ज्यांच्यावर होती ते, वाटेतच होते. उन्हाळा कडक, काही बिशप आजारी पडून दगावले. सिरिल थांबला नाही. सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध डावलून त्याने २२ जूनला कामकाज सुरू केलं. नेस्टोरियसला बोलावणी धाडली. सगळे जमल्याशिवाय येणार नाही, म्हणून तो घरातच बसला. संध्याकाळपर्यंत सुमारे २०० बिशपांनी त्याला पदच्युत केलं. एका दिवसात! रात्री लोकांनी मशाली घेऊन बिशपांना मुक्कामी पोचवलं, बायका पुढे धूप जाळत चालल्या होत्या, हे सिरिलनेच पत्रात कळवलंय.

चार दिवसांनी जॉन पोचला. त्याने आपली वेगळी सभा घेऊन सिरिललाच पदच्युत केलं! सम्राट असा वैतागला की त्याने नेस्टोरियस, सिरिल आणि इफिससचा बिशप मेम्नॉन, तिघांचीही पदच्युती मान्य करून त्यांना नजरकैदेत टाकलं.

यातून सिरिल कसा सुटला याचं एक पत्र टिकून आहे. त्याच्या कार्यालयातून राजधानीला गेलेलं. दरबारातल्या कुणाला काय पोचवलं याची ही यादी : सोनं, गालिचे, हस्तिदंती खुर्च्या, शहामृगसुद्धा. राणीच्या दासींपासून खोजांपर्यंत सगळ्यांची नोंद आहे. या खटाटोपात अलेक्झांड्रियाच्या चर्चला १५०० पौंड सोन्याचं कर्ज झालं.

नेस्टोरियस अँटिओकजवळच्या आपल्या मठात परतला. ४३५ मध्ये त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला, त्यालाही हद्दपार केलं आणि शेवटी तो इजिप्तच्या वाळवंटातल्या खार्गा ओॲसिसमध्ये जाऊन पडला. तिथे टोळ्यांनी धाड घालून त्याला पकडून नेलं. नंतर सोडलं, तर सरकारी माणसांनी म्हाताऱ्याला इकडून तिकडे फिरवलं. ४५० च्या आसपास गेला.

सामवेदी_पोरगा

मी वसईचा, कॅथलिक. धागा वाचून काल संध्याकाळी रोझरीच्या वेळी मी एकदम अडखळलो. आमच्या 'नमो मरिये'त "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी..." असं येतं. लहानपणापासून एका रोझरीत ५३ वेळा ते म्हणत आलोय, आणि या दोन शब्दांसाठी इतकी रणधुमाळी झाली होती हे कधी कळलं नाही. गोव्यात कोकणीत 'देवाचे माये' म्हणतात, शब्द तोच.

मी मध्येच थांबलो तेव्हा आईने डोळे वटारले. प्रार्थना झाल्यावर तिला सांगितलं, की एक बिशप म्हणायचा, मरियेला देवाची आई म्हणू नका, ख्रिस्ताची आई म्हणा. ती म्हणाली, "मग ख्रिस्त कोण?" सिरिलने यापेक्षा वेगळं काय सांगितलं?

जुनाट_वाचक

खाडीकाठचा, लेख उत्तम, पण अवतारकल्पना आहे की आपल्याकडे. राम देव होता आणि माणूसही होता, सीतेसाठी रडला. आपल्याला कधी परिषद भरवावी लागली नाही. इतकं सोपं उत्तर त्यांना का सुचलं नसेल?

निशिगंधा

@जुनाट_वाचक काका, परिषद नाही भरली, पण द्वैत, अद्वैत, विशिष्टाद्वैत अशी भाष्यांवर भाष्यं झालीच की. :)

मठ_आणि_मिसळ

अवताराची तुलना मोहात पाडते, पण फसवी आहे. (मी ख्रिस्ती धर्मेतिहासात पदव्युत्तर अभ्यास केलाय, थोडं बोलू द्या.)

अवताराचं दुःख ही लीला, असं म्हणायची मुभा आपल्या परंपरेत आहे. ख्रिस्ती परंपरेने नेमकी तीच वाट पहिल्याच शतकांत बंद करून टाकली. येशूचं शरीर हा नुसता भास होता, वेदना खऱ्या नव्हत्या, असं मानणारे लोक होते, त्यांना 'भासवादी' म्हणू. त्यांना चर्चने साफ नाकारलं. अवतार अनेक होतात, इथे एकदाच आणि कायमचं. दोन्ही वाटा बंद केल्यावर प्रश्न खरोखरच अवघड होतो आणि मग शब्द शोधावे लागतात.

ते शब्दही भाषेगणिक फिरायचे, खरी गोची ती. ग्रीकमध्ये 'फिसिस' म्हणजे स्वभाव, 'हायपोस्टॅसिस' म्हणजे ठोस अस्तित्व, 'प्रोसोपॉन' म्हणजे समोर दिसणारी व्यक्ती, मूळ अर्थ चेहरा. सिरिल फिसिस आणि हायपोस्टॅसिस जवळजवळ एकाच अर्थाने वापरायचा, त्यामुळे 'दोन स्वभाव' ऐकलं की त्याला 'दोन ख्रिस्त' ऐकू यायचं. सिरियाक भाषेत हायपोस्टॅसिसला 'क्नोमा' हा शब्द. सातव्या शतकात इराणच्या चर्चचा बाबाई नावाचा धर्मपंडित म्हणाला, ख्रिस्तात दोन स्वभाव, दोन क्नोमे, एक व्यक्ती. त्याच्या लेखी क्नोमा म्हणजे स्वभावाचा एखादा ठोस नमुना. ग्रीकांना मात्र ते 'दोन व्यक्ती' असं ऐकू आलं. झालं, पक्के पाखंडी!

दृष्टान्त पाहा. सिरिलचा आवडता : तापलेलं लोखंड. लोहाराच्या भट्टीतून काढलेली लाल सळई. आग कुठली आणि लोखंड कुठलं हे बोटाने दाखवता येत नाही, पण आगीचं लोखंड झालेलं नसतं, लोखंडाची आगही नाही. घाव बसतो तो लोखंडावर, आगीला इजा नाही. नेस्टोरियसचा दृष्टान्त देऊळ आणि देव. युटिकेस नावाचा एक म्हातारा मठाधिपती नंतर सिरिलच्याही पलीकडे गेला : मीलनाआधी दोन स्वभाव, मीलनानंतर एकच. त्याचे विरोधक चिडवायचे, मग काय, समुद्रात मधाचा थेंब? माणूसपण विरघळून गेलं?

युटिकेसमुळे ४५१ ची खाल्किदोनची परिषद भरली. निर्णय : दोन स्वभाव, एक व्यक्ती; सरमिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, विभक्ती नाही. चार नकार. ख्रिस्त कसा आहे हे सांगण्यापेक्षा कसा नाही हे सांगून मोकळे झाले, आणि मला तरी तेच शहाणपणाचं वाटतं. इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियातल्या बऱ्याच ख्रिस्तींनी ते मानलं नाही. त्यांना 'दोन स्वभाव' म्हणजे नेस्टोरियसला मागच्या दाराने आत घेणं वाटलं. गंमत म्हणजे नेस्टोरियसला वाळवंटात रोमच्या पोप लिओचं दोन स्वभावांबद्दलचं पत्र वाचायला मिळालं, तेव्हा त्याला वाटलं, अरे, मी हेच तर म्हणत होतो!

तर्ककर्कश

मधाच्या थेंबाचं आवडलं. टाचणीचं विधान मागे. अर्धं.

सिरिल म्हणजे अलेक्झांड्रियाच्या तत्त्वज्ञ हायपेशियाचा खून करवणारा तोच ना?

मठ_आणि_मिसळ

शहर तेच, बिशप तोच, साल ४१५. पण 'करवणारा' हे सिद्ध नाही. जमावाने मारलं, आणि त्याचा बट्टा सिरिलला व त्याच्या चर्चला लागला, हे वर आलेल्या सॉक्रेटिसनेच नोंदवलंय. त्यापुढे मी जाणार नाही.

मूळ धाग्यातली एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इराणचं चर्च नेस्टोरियसने काढलेलं नाही. त्याने कुठलाच पंथ काढला नाही. त्या लोकांची संघटना ४१० मध्ये इराणच्या राजधानीत, सेलुकिया-टेसिफोनला, भरलेल्या सभेत उभी राहिली, तेव्हा नेस्टोरियसचं नावही कुणाला माहीत नव्हतं. ४२४ मध्ये त्यांनी ठरवलं की आमच्या प्रमुखावर पश्चिमेकडे अपील चालणार नाही. कारण उघड आहे : रोम आणि इराण एकमेकांचे जुने शत्रू होते आणि रोमन सम्राटाच्या धर्माचे लोक म्हणून यांच्यावर फितुरीचा संशय. पुढे सम्राट झेनोने ४८९ मध्ये रोमन हद्दीतल्या एडेसाची विद्यापीठवजा शाळा बंद केली, तिथले लोक सरहद्द ओलांडून इराणमधल्या निसिबिसला गेले आणि अँटिओकच्या, म्हणजे नेस्टोरियसच्याच परंपरेतल्या, विचारांची पुस्तकं सोबत घेऊन गेले. 'नेस्टोरियन' हे शत्रूंनी चिकटवलेलं लेबल. ते स्वतःला पूर्वेचं चर्च म्हणवतात. त्यांचाच अलोपेन ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोचला, आणि ७८१ चा त्यांचा शिलालेख शीआनमध्ये उभा आहे.

खाडीकाठचा

हे महत्त्वाचं. पहिल्या मसुद्यात मी 'नेस्टोरियन पंथाची स्थापना' असं चक्क लिहिलं होतं, टाकायच्या आधी काढलं. थोडक्यात वाचलो.

म्हणजे कल्याणचा बिशप बंदराच्या वाटेने आला, वादाच्या वाटेने नव्हे. इराणच्या आखातातली जहाजं इथे लागत होती, त्यांच्यासोबत त्यांचं चर्चही आलं.

कोचीकर_मराठी

कामानिमित्त ११ वर्षं कोचीत आहे. कल्लियाना म्हणजे कल्याणच का, यावर वाद आहे. उडुपीजवळचं कल्याणपूर, किंवा कोल्लम, असंही काही जण म्हणतात. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी माहितीपत्रातही 'कल्लिएना' येतं आणि ते आपल्याच कोकणपट्टीतलं आहे, त्यामुळे माझं मत कल्याणच्या बाजूने.

याचा पुरावा दगडात पाहायचा तर कोट्टायमच्या वलिय पळ्ळीत जा. दोन क्रूस आहेत, भोवतीच्या कमानीवर पहलवी लिपीतली ओळ कोरलेली. केरळच्या चर्चमध्ये इराणी अक्षरं! क्रूसावर येशूची मूर्ती नाही, टोकांना कळ्यांसारखी नक्षी. कोल्लमच्या चर्चला ८४९ मध्ये मिळालेल्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिप्यांत आहेत.

आता गोव्याचा संबंध. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस कोचीजवळ उदयंपेरूरला आला. सभा भरवून त्याने इथल्या ख्रिस्तींकडून नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेतला, सिरियाक पुस्तकं तपासून कित्येक जाळायला लावली. इफिससच्या भांडणाचा निकाल ११६८ वर्षांनी मलबारात बजावला म्हणायचा! १६५३ मध्ये लोकांनी मट्टांचेरीला क्रूसाला दोर बांधून शपथ घेतली, आता या पोर्तुगीज पाद्र्यांना मानणार नाही. आणि १६६५ मध्ये त्यांच्या मदतीला बिशप आला तो सिरियाक चर्चचा, खाल्किदोन न मानणाऱ्यांपैकी, म्हणजे नेस्टोरियसच्या अगदी विरुद्ध टोकाचा. इथल्या माणसांना बिशप हवा होता, त्याच्या क्नोम्याचं काय ते त्यांनी विचारलं असेलसं वाटत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातही असा क्रूस सापडलाय, २००१ मध्ये, आगशीला, जुवारीच्या बाजूला. पहलवी लेख असलेला. पिलारच्या संग्रहालयात आहे.

सामवेदी_पोरगा

आगशी की आगाशी? आमची आगाशी विरारजवळ आहे, मी क्षणभर उडालोच.

मांडवीकाठ

आगशी. गोव्यातली. चोरीसां (चोरिसो) मिळतात ती.

जुनाट_वाचक

ठाण्यातही नेस्टोरियन होते. चौदाव्या शतकातल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांची १५ घरं असल्याचं लिहिलं आहे.

मठ_आणि_मिसळ

काका, बरोबर. मैलापूरला, संत थॉमसच्या थडग्याजवळही, ओडोरिक अशीच १५ घरं सांगतो. पण ठाण्याची गोष्ट जास्त रंगतदार. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक) साधू ठाण्यात एका नेस्टोरियन कुटुंबाकडे उतरले होते. नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, विचारल्यावर म्हणाली, घरात चार परदेशी साधू आहेत, त्यांना विचारा. अशी त्यांची वार्ता काझीला लागली. मग धर्मावर वादविवाद आणि शेवटी चौघांचाही वध. त्यांच्यासोबत आलेला जॉर्डेनस नावाचा डोमिनिकन साधू तेव्हा बाहेरगावी होता म्हणून वाचला, त्याने शवं सोपाऱ्याला नेऊन पुरली. काही वर्षांनी ओडोरिक आला आणि हाडं उकरून चीनला घेऊन गेला.

कॅथलिकांच्या लेखी पाखंडी असलेल्या घराने त्या साधूंना थारा दिला होता, हे लक्षात घ्या.

निशिगंधा

बाई गं. त्या बायकोचं पुढे काय झालं?

मठ_आणि_मिसळ

तिच्याबद्दल पुढे एक ओळ नाही.

कोचीकर_मराठी

थोडं अवांतर. त्रिशूरला पूर्वेच्या चर्चची मंडळी आजही आहेत, स्थानिक लोक त्यांना कल्दाय सुरियानी म्हणतात. ते मरियेला 'ख्रिस्ताची आई' म्हणतात. ११ नोव्हेंबर १९९४ ला पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये संयुक्त निवेदनावर सह्या केल्या : आमची श्रद्धा एकच, कुणी देवाची आई म्हणा, कुणी आमचा देव व तारणहार ख्रिस्त याची आई म्हणा, दोन्ही बरोबर.

सामवेदी_पोरगा

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, मग आपलं काय चुकलं होतं? परत रोझरीला बसली.

खाडीकाठचा, सोपाऱ्याला या एकदा. जॉर्डेनसची खूण काही उरलेली नाही, पण स्तूप दाखवतो आणि घरी जेवूनच जायचं.

खाडीकाठचा

येत्या रविवारी?

सामवेदी_पोरगा

रविवारी मेगाब्लॉक आहे. शनिवारी या.